गुरांची तपासणी आणि बाजार : तपासायचा हक्क कोणाचा?



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे 'गुरांची तपासणी' हा विषय मी सुचवला, तेव्हा संयोजक जरा गोंधळले. म्हणाले, "सर, मग गुरांच्या डॉक्टरांनाच बोलावू का?" डॉक्टरांना जरूर बोलवा. पण मला आज रोगाबद्दल फार बोलायचं नाही. मला बोलायचंय ते तपासणीबद्दल. तपासणी म्हणजे काय, ती काय सिद्ध करते आणि ती करायचा हक्क कोणाचा, एवढंच.

या विषयाकडे मी वळलो तो चुलतभावामुळे. २०२२ सालची गोष्ट. ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला लंपीचा राज्यातला त्या साथीतला पहिला रुग्ण सापडला. सप्टेंबरात संपूर्ण महाराष्ट्र 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. २००९ चा केंद्राचा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतचा कायदा आहे, त्याखाली गुरांचे बाजार बंद झाले, ने-आण बंद झाली. माझ्या चुलतभावाला नेमकी तेव्हाच एक जोडी विकायची होती. दोन्ही बैल ठणठणीत. पऱ्हाटीच्या फवारणीला पैसा लागत होता, गिऱ्हाईकही ठरलेलं होतं. तो मला म्हणाला, "दादा, तू एवढा शिकलेला. मला एक सांग. मी माझ्या बैलाचं रक्त तपासून घेतो, माझ्या पैशानं. लंपी नाही असा कागद आणतो. मग तर विकू देतील ना?"

प्रश्न साधा होता. मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचता वाचता लक्षात आलं की हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका मांस कंपनीने आपल्या सरकारला विचारला होता आणि त्यावर दोन न्यायालयांनी दोन वेगळी उत्तरं दिली होती. ती हकीकत आधी सांगतो. ती गोमांसाची आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्या राज्यात गोवंश हत्याबंदी आहे. गायीची १९७६ च्या कायद्याने आणि बैल-वळूंची २०१५ च्या दुरुस्तीने. कोणी काय खावं, हा आजचा विषय नाही. तपासणीचा प्रश्न तिथे जितका उघडा पडला तितका दुसरीकडे पडलेला मला दिसला नाही, म्हणून ते उदाहरण.

'मॅड काऊ' हा रोग तुम्ही ऐकला असेल. १९८६ मध्ये तो इंग्लंडमध्ये ओळखला गेला. मेलेल्या जनावरांची हाडं आणि मांस दळून त्याची भुकटी गुरांच्या खाद्यात मिसळत असत. गवत खाणाऱ्या प्राण्याला मांस खाऊ घातलं आणि त्यातून रोग पसरला. एकट्या ब्रिटनमध्ये एक लाख ऐंशी हजारांवर गुरं त्याने बाधित झाली. हा जंतू नाही, विषाणूही नाही. प्रिऑन नावाचं बिघडलेलं प्रथिन मेंदूत साठतं आणि मेंदूची चाळणी होते. प्रिऑनच्या शोधासाठी स्टॅन्ली प्रुसिनर यांना १९९७ चं नोबेल मिळालं. त्याआधी, मार्च १९९६ मध्ये, ब्रिटिश सरकारने मान्य केलं की हा रोग माणसालाही होत असावा. तिथून जगभर घबराट पसरली.

या रोगाच्या दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा, पुढे लागतील. पहिली, जिवंत जनावराची उपयोगी तपासणी नाही. कापल्यावर मेंदूच्या देठाचा तुकडा काढून तपासावा लागतो. दुसरी, लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण चार-पाच वर्षं जातात आणि तपासणीत रोग दिसतो तो शेवटच्या काही महिन्यांतच.

आता २३ डिसेंबर २००३. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका दुभत्या गायीत हा रोग सापडल्याचं जाहीर झालं. जपानने लगेच अमेरिकन गोमांस बंद केलं, पाठोपाठ कितीतरी देशांनी केलं. जपानने स्वतःकडे २००१ मध्ये रोग सापडल्यावर कापलं जाणारं प्रत्येक जनावर तपासायला सुरुवात केली होती. त्यामुळे जपानी गिऱ्हाईक विचारू लागलं, 'तुमचं तपासलेलं आहे का?'

कॅन्सस राज्यात आर्कान्सास सिटी नावाचं गाव आहे. तिथली क्रीकस्टोन फार्म्स ही कंपनी या धंद्यात लहान. अमेरिकेत गोऱ्हे-कालवडींच्या कत्तलीपैकी सुमारे ८० टक्के धंदा चार कंपन्यांच्या हातात होता. टायसन, कारगिल, स्विफ्ट आणि नॅशनल बीफ. क्रीकस्टोनचं बरंच गिऱ्हाईक जपानी. त्यांनी हिशेब केला. एका जनावराच्या तपासणीला सुमारे वीस डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने नऊशे रुपये. कंपनी म्हणाली, 'आम्ही आमचं प्रत्येक जनावर तपासतो. खर्च आमचा. सरकार जे किट वापरतं तेच आम्ही वापरू.' प्रयोगशाळाही बांधली. परवानगी मागितली. एप्रिल २००४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने उत्तर दिलं : परवानगी नाही.

लक्षात घ्या, लोक तक्रार करतात ते सरकार तपासत नाही म्हणून. इथे सरकार म्हणत होतं, 'तुम्ही तपासायचं नाही.'

कोणत्या कायद्याने? १९१३ चा एक जुना कायदा होता. डुकरांच्या साथीत भोंदू लोक शेतकऱ्यांना बनावट लसी विकत होते, ते थांबवण्यासाठी तो केलेला. जनावरांच्या 'उपचारात' वापरायची निरुपयोगी किंवा घातक लस, औषध विकता येणार नाही, असं त्यात आहे. खात्याने म्हटलं, उपचार या शब्दात निदानही येतं. तपासणीचं किट म्हणजे निदान. म्हणून किट कोणाला विकायचं आणि ते कशासाठी वापरायचं, हे आम्ही ठरवणार.

२००६ मध्ये कंपनी कोर्टात गेली. मार्च २००७ मध्ये न्यायाधीश जेम्स रॉबर्टसन यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. या रोगावर उपचारच नाही, आणि तपासणी होते ती मेलेल्या जनावराची, मग हा उपचार कसला, असा एकंदर रोख. खातं अपिलात गेलं. २९ ऑगस्ट २००८ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी निकाल फिरवला. 'उपचार' या शब्दाचा खात्याने लावलेला अर्थ अवाजवी नाही, असं बहुमत म्हणालं. मुख्य न्यायाधीश सेन्टेल यांनी विरोधी मत नोंदवलं. तर्कशास्त्र शिकवताना मी मुलांना सांगायचो की व्याख्या हा कोरडा विषय नाही. बघा, 'उपचार' या एका शब्दाच्या व्याख्येवर एका कारखान्याची बाजारपेठ अडकली.

आता खात्याची बाजू. ती उडवून लावण्यासारखी नाही. ते म्हणत होते, मांसासाठीची जनावरं दोन वर्षांच्या आतच कापली जातात. रोग असला तरी त्या वयात तपासणीत दिसत नाही. मग 'तपासलेलं' असा शिक्का मारून गिऱ्हाईकाला काय सांगणार? खोटा दिलासा. खरी सुरक्षितता वेगळ्या गोष्टींत आहे : मेंदू, मणक्यातली मज्जा असे धोक्याचे अवयव काढून टाकणं आणि गुरांच्या खाद्यात गुरांचं मांस न मिसळणं.

हे ऐकल्यावर मला आपलं जुनं शास्त्र आठवलं. आपल्याकडे मीमांसकांनी 'अनुपलब्धी'चा खूप खल केला आहे. जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळतं? तो दिसत नाही यावरून. पण नुसतं न दिसणं पुरत नाही. अंधारात घडा दिसला नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. पिशाच दिसत नाही, म्हणून ते नाही असंही सिद्ध होत नाही. कारण पिशाच ही दिसण्याजोगी वस्तूच मानलेली नाही. म्हणून ते म्हणाले, 'योग्य' अनुपलब्धी हवी. म्हणजे वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती हवी. तेव्हाच न दिसणं हा पुरावा. वीस महिन्यांच्या गोऱ्ह्याच्या मेंदूत प्रिऑन न सापडणं हे अंधारात घडा शोधण्यासारखं आहे.

म्हणजे खातं बरोबर होतं? थांबा. इथे दोन प्रश्नांची गल्लत झाली आहे. तपासणीतून काय सिद्ध होतं, हा एक प्रश्न. ती करायला बंदी घालावी का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर खात्याने बरंचसं बरोबर दिलं, आणि त्याच्या आधारावर दुसऱ्याचंही उत्तर देऊन टाकलं. तपासणीचा अर्थ मर्यादित असेल, तर ती मर्यादा शिक्क्यावर लिहायला लावा. 'या वयात रोग दिसत नाही' असं छापा म्हणा. कमी सिद्ध करणारी तपासणी म्हणजे गुन्हा नव्हे.

शिवाय सरकारी तपासणी तरी किती पक्की? नोव्हेंबर २००४ मध्ये टेक्सासच्या एका गायीचा नमुना झटपट चाचणीत संशयास्पद आला. खात्याच्या पुढच्या चाचणीने रोग नाही असं म्हटलं आणि प्रकरण मिटलं. पुढे खात्याच्याच महानिरीक्षकांनी दुसऱ्या पद्धतीने फेरतपासणी करायला लावली, आणि जून २००५ मध्ये इंग्लंडमधल्या वेब्रिजच्या प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलं : रोग होता. जो स्वतः चुकू शकतो, त्याने दुसऱ्याला तपासूच नको म्हणताना जास्त जपून बोलावं.

आता स्पर्धेकडे येऊ. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांत गुरे पाळणाऱ्यांची मोठी संघटना होती. उघड बोललं जाणारं कारण शास्त्राचं. पण त्याच्या शेजारी पैशाचंही होतं. एकाने सगळी जनावरं तपासली, तर गिऱ्हाईक बाकीच्यांना विचारणार, 'तुम्ही का नाही?' मग सगळ्यांनाच तपासावं लागणार. लहान कंपनीसाठी तपासणी म्हणजे वेगळेपण, मोठीसाठी नुसताच वाढीव खर्च.

ही भीती अगदी खोटी नव्हती, हे जपानच दाखवतो. तिथल्या सरकारने २००५ मध्येच वीस महिन्यांपर्यंतच्या जनावरांची सक्तीची तपासणी काढून टाकली. तरी प्रांतांनी ती सोडली नाही. २००८ मध्ये केंद्राचं अनुदान थांबलं, तरीही पदरचा पैसा घालून चालू ठेवली. का? जो प्रांत आधी थांबेल, त्याच्या मांसावर गिऱ्हाईक संशय घेणार. शेवटी १ जुलै २०१३ रोजी सगळे प्रांत एकाच दिवशी थांबले. एकट्याला थांबता येत नव्हतं, एकत्र थांबता आलं. म्हणजे स्पर्धा निरुपयोगी तपासणीही लोकांवर लादू शकते. मला वाटतं, या प्रकरणातला हा सगळ्यात अवघड मुद्दा आहे. तरीही मी बंदीच्या बाजूला जात नाही. कारण धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याचा खर्च वाढतो, हे कोणाला सत्य शोधू न देण्याचं कारण होऊ शकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, अमेरिका-जपान झालं. आमच्या बैलाचं काय? येतो तिकडेच.

मॅड काऊ एका जनावराकडून शेजारच्या जनावराला लागत नाही. तो खाद्यातून येतो. त्यामुळे क्रीकस्टोनने जास्त तपासलं काय किंवा कमी तपासलं काय, शेजाऱ्याच्या गोठ्याला धोका नव्हता. लंपीचं तसं नाही. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड तो एका जनावरावरून दुसऱ्यावर नेतात. लागण झाल्यावर गाठी यायला बरेच दिवस जाऊ शकतात. आंतरराष्ट्रीय नियमात हा काळ अठ्ठावीस दिवस धरतात. आज रक्त घेतलं, कागद स्वच्छ आला. पण काल माशी चावली असेल तर? पुन्हा अयोग्य अनुपलब्धी! आणि समजा बैल खरोखर निरोगी आहे. तो बाजारात ज्या खुंटाला बांधणार, त्याच्या शेजारच्या बैलाचं काय? कागद मिळतो एका बैलाला. बाजारात उभी असतात शेकडो. ज्या रोगात माझ्या जनावराचा धोका तुमच्या जनावराला जातो, तिथे एकट्याचा दाखला पुरत नाही. तिथे सगळ्यांनी मिळून थांबावं लागतं.

म्हणून बाजार बंद केले ते बरोबरच होतं, असं माझं मत आहे. राज्यभर शेळ्यांच्या देवीची लस गुरांना मोफत टोचली, तेही बरोबर. पण एक हिशेब अपुरा राहिला. मेलेल्या गायीला तीस हजार, बैलाला पंचवीस हजार, वासराला सोळा हजार अशी मदत ठरली. चांगलं झालं. पण ज्याचं जनावर मेलं नाही, फक्त विकता आलं नाही, त्याला त्यात जागा नव्हती. सगळ्यांच्या भल्यासाठी ज्याला थांबवलं, त्याच्या थांबण्याची किंमत सगळ्यांनी मिळून द्यायला हवी. चुलतभावाला मी आज हे उत्तर दिलं असतं : तुझा कागद चालला नसता, पण तुझा तोटा मोजायला हवा होता.

हाच नियम मांसाच्या निर्यातीतही दिसतो. आपल्या देशातून बाहेर जातं ते म्हशी-रेड्यांचं मांस. आपल्याकडचा हेला शेतात कामाचा राहिला नाही की कुठे जातो, हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही. या धंद्यात भारत जगातल्या मोठ्या निर्यातदारांपैकी आहे. तिथली अडचण मॅड काऊ नाही, आपली लाळ्या-खुरकूत आहे. ज्या देशात ती नाही, ते देश आपलं मांस घ्यायला कचरतात. म्हणून निर्यात होते ती हाडं आणि लसिका-ग्रंथी काढलेल्या मांसाची. कारणही समजून घ्या. कापल्यानंतर मांस थंड ठेवलं की त्यात आम्ल वाढतं आणि स्नायूंतला विषाणू मरतो. हाडांच्या मगजात आणि ग्रंथींत तो टिकू शकतो.

आता एखादा कारखानदार म्हणाला, 'मी प्रत्येक रेडा तपासतो, माझं मांस घ्या', तर भागेल का? नाही भागत. बरं झालेलं जनावरसुद्धा घशात विषाणू घेऊन महिनोन्महिने हिंडतं. शिवाय लस दिलेल्या जनावराच्या रक्तातही प्रतिपिंडं सापडतात. लसीमुळे आली की रोगामुळे, हे ओळखायला वेगळी चाचणी लागते. शुद्ध केलेल्या लसीत विषाणूच्या फक्त बाहेरच्या कवचाची प्रथिनं असतात. विषाणू शरीरात वाढला तरच काही आतली प्रथिनं तयार होतात. त्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, तर लागण झाली असावी असं समजतात. पण हीसुद्धा कळपाची पाहणी करायला चांगली, एकट्या जनावराचा निवाडा करायला अपुरी. बाहेरचा गिऱ्हाईक कारखाना बघत नाही, मुलूख बघतो.

म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्यासाठी देशभर लसीकरणाची मोहीम सुरू झाली. तुमच्या गुरांच्या कानात बारा आकडी बिल्ला आला तो याच व्यवस्थेचा. आता विचार करा. दारव्ह्याच्या एखाद्या वाडीत बाई आपली म्हैस धरून उभी राहते, लस टोचून घेते, दोन दिवस दूध कमी झालं तर सोसते. त्यातून मुलूख रोगमुक्त होण्याकडे एक पाऊल पडतं आणि निर्यातदाराला नवा बाजार उघडतो. त्या नफ्यात तिचा वाटा किती, हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

शेवटचा मुद्दा, आपल्या रोजच्या व्यवहारातला. दूध संकलन केंद्रावर फॅट आणि डिग्री कोणाच्या यंत्रावर लागते? घेणाऱ्याच्या. कापसाची आर्द्रता कोणाच्या मीटरवर मोजतात? घेणाऱ्याच्याच. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये कपात, वर गेली की गाडी परत. म्हणजे विकणाऱ्याच्या मालाबद्दलचं सत्य घेणाऱ्याच्या खिशात असतं. इथे मात्र क्रीकस्टोनचाच न्याय लागतो. माझ्या कापसाची आर्द्रता मी घरी मोजली, माझ्या दुधाचं फॅट आमच्या गटाने स्वतःच्या यंत्रावर तपासलं, तर शेजाऱ्याचं काही बिघडत नाही. कापसातला ओलावा माशीने उडत दुसऱ्याच्या गाडीत जात नाही. तिथे तपासायचा हक्क विकणाऱ्यालाही हवा. दोन आकडे वेगळे आले, तर तिसऱ्याकडून तपासून घ्यायची सोयही हवी.

तेव्हा यापुढे कोणी तपासणीचा कागद तुमच्यापुढे धरला, किंवा तपासू नका म्हणाला, तर तीन प्रश्न विचारा. दोष असता तर या तपासणीत तो दिसला असता का? दोष असल्यास त्याचा त्रास माझ्यापुरता की शेजाऱ्यालाही? आणि यंत्र कोणाच्या हातात आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांकडून घ्या. दुसऱ्याचं गावात बसून मिळून ठरवा. तिसऱ्यासाठी मात्र थोडे पैसे गोळा करावे लागतील. एक साधं आर्द्रतामापक गावाने मिळून घेतलं, तर पुढच्या हंगामात निदान आपल्याला आपला आकडा माहीत असेल.

मी वेळ जरा जास्त घेतला.  प्रश्न असतील ते अवश्य विचारा. विशेषतः जे माझ्याशी असहमत आहेत त्यांनी आधी विचारा.